जुन्या पद्मिनीचं कळकलेलं वायरिंग: किती बदलायचं, किती राखायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी पंचवटीतल्या घराच्या पडवीत सहा पावसाळे उभी होती. नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू झाली, पण हेडलाइट पिवळट लागतात. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उलट मंद होतो, इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा हलतो आणि हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. बॉनेटखाली एक वायर सोलून पाहिली तर आतलं तांबं काळं पडलेलं आणि टोकाशी हिरवी भुकटी. एक मेस्त्री म्हणाले, सगळं वायरिंग उपटून नवं टाका. दुसरे म्हणाले, खराब तेवढे जोड मारून देतो. यातलं कुणाचं ऐकायचं?

मी ३४ वर्षं नाशकात गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो. त्यात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जुन्या जीपच जास्त. माझ्या मते दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे, कारण तुमच्या सांगण्यावरून दोघांपैकी कुणीही गाडीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावलेला दिसत नाही. ज्या वायरमधून जास्त करंट जातो आणि जी मोजमापात नापास होते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदला. जी पास होते तिचं फक्त टोक नवं करा आणि बाकी तिला हात लावू नका. या सगळ्याच्या आधी अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हचे बॉडीच्या पत्र्याशी असलेले जोड, पाहा. तुमच्या चार तक्रारींपैकी ब्रेकच्या दिव्याची तक्रार तर मी गाडी न पाहताही अर्थिंगच्या खात्यात टाकतो, आणि पेट्रोलच्या काट्याचीही बहुधा तिथलीच निघेल.

तांब्याचं काय होतं ते समजलं की पुढचं काम सोपं जातं. भांडी बाजारातून आणलेल्या पितळी पातेल्याची कल्हई गेली आणि त्यात ताक राहिलं, तर ते कळकतं हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. ओल, हवा आणि आंबटपणा मिळाला की तांबं हिरवं होतं. गाडीत ओल पावसाची असते आणि आंबटपणा बॅटरीतल्या गंधकाम्लाच्या वाफेचा. फरक एवढाच की पातेलं दिसतं आणि तार प्लास्टिकच्या आवरणात लपलेली असते. गाडीची वायर अनेक बारीक तारा पिळून केलेली असते. समईची वात तेल वर ओढते तशा त्या तारांमधल्या फटी पाणी आत ओढतात. टोकाशी शिरलेलं पाणी आवरणाच्या आतून वीतभर, कधी हातभरही सरकतं. बाहेरून वायर नव्यासारखी दिसते, आत तांबं मेलेलं असतं.

त्यातही ज्या वायरमध्ये गाडी बंद असतानाही बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो, त्या आधी जातात. ओलीच्या संगतीत पॉझिटिव्ह टोकाचं तांबं विरघळत राहतं. म्हणून बॅटरीकडून स्विचकडे जाणाऱ्या मुख्य वायरचं टोक हिरवंगार आणि शेजारचीच दुसरी वायर स्वच्छ, असं चित्र मी शेकडो वेळा पाहिलं आहे. सहा वर्षं उभी राहणार होती, तर पहिल्याच दिवशी बॅटरीची वायर काढून ठेवली असती तरी निम्मं नुकसान वाचलं असतं. दुसरी कुठली जुनी गाडी उभी करणार असाल तर तिच्यासाठी हे आजच करा.

हिरव्या रंगाला सगळे घाबरतात. मला काळ्याची काळजी जास्त वाटते. हिरवी भुकटी बहुधा टोकाशी असते, ती कापून टाकता येते. काळं म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. ते प्रत्येक बारीक तारेवर साय धरल्यासारखं बसतं. त्यावर सोल्डर धरत नाही, आणि थिंबल (वायरच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबून बसवलं तरी तांब्याला तांबं लागत नाही. चिंच-मिठानं तांब्याचा बंब चकचकीत होतो तसं व्हिनेगर आणि मीठ लावून तारही उजळते, हे खरं आहे. त्यानंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ती धुवावी लागते. पण तोच आंबट ओलावा वातीसारखा आत चढतो आणि काही महिन्यांत पुढचा भाग खातो. वायर इतकी आखूड राहिली असेल की कापायला जागाच नाही, तेव्हाच मी हा उपाय करतो. तेव्हाही गरम हवेनं पूर्ण वाळवतो आणि त्या गाडीला पुन्हा बोलावून तपासतो.

आता मोजण्याचं. बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवतात, वायरची दोन टोकं धरतात, मीटर पीप करतो आणि वायर चांगली असं ठरतं. ही फसगत आहे. समजा वायरमध्ये २४ बारीक तारा आहेत आणि त्यांतल्या २३ कुजल्या. उरलेल्या एका तारेतूनही मीटरचा तो चिमूटभर करंट आरामात जातो आणि मीटर शून्याजवळचा आकडा दाखवतो. त्याच वायरमधून हेडलाइटचे ५ अँपिअर न्यायला गेलात की ती तार तापते आणि दिवा पिवळा पडतो. एलईडीच्या टेस्टरचंही तेच, त्याला करंट नाममात्रच लागतो. माझ्याकडे अजून २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी लावून केलेला चेक बल्ब आहे. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर वायर लगेच उघडी पडते.

खरी चाचणी लोडवर, म्हणजे वायरमधून दिव्याचा करंट वाहत असताना, होते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन बंद, हेडलाइट चालू. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यात तसंच मोजा. मी अर्थच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत आणि पॉझिटिव्ह बाजूच्या सबंध वाटेत अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून देतो. त्यापुढे गेलं की एकेक टप्पा मोजायचा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूजच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, स्विचच्या आधी आणि नंतर, दिव्यामागच्या कनेक्टरच्या आधी आणि नंतर.

माझ्याकडे आलेल्या एका पद्मिनीचे आकडे देतो. हेडलाइट लावल्यावर बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि बल्बपाशी १०.५. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत गेले. टप्प्याटप्प्यानं मोजलं तेव्हा स्विचमध्ये ०.७, दिव्यामागच्या कनेक्टरमध्ये ०.४, अर्थिंगमध्ये ०.३, फ्यूजच्या पकडीत ०.२ निघाले. सगळ्या वायरींमध्ये मिळून राहिले ०.३. त्या मालकांनी आधी दुसरीकडे नवं वायरिंग टाकून घेतलं असतं आणि जुना स्विच, जुना फ्यूजबॉक्स, दिव्यामागचा जुना कनेक्टर, जुनं अर्थिंग तसंच राहिलं असतं, तर एवढा खर्च करून फक्त ०.३ व्होल्टचा दोष निघाला असता. त्यांना उजेडातला फरक कळलाही नसता. १०.५ व्होल्टवर बल्बचा उजेड १२ व्होल्टच्या मानानं साधारण एक तृतीयांशानं घटतो. कसारा घाटातल्या धुक्यात हा फरक जिवावर बेतू शकतो. शिवाय स्विचमध्ये हरवलेले ०.७ व्होल्ट कुठे नाहीसे होत नाहीत. ९ अँपिअरच्या हिशोबानं ती सहा वॅटहून अधिक उष्णता झाली, आणि ती स्विचच्या इवल्याशा पोटात साठते. डॅशबोर्डमागे जळका वास येतो तो तिथून.

आता अर्थिंग. जुन्या गाडीत निगेटिव्ह परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून. बॅटरीपासून बॉडी, बॉडीपासून इंजिन, पुढच्या दिव्यांजवळ, डॅशबोर्डमागे, डिकीत मागच्या दिव्यांपाशी, असे त्याचे मोजके बिंदू असतात. मागच्या दिव्याचं अर्थिंग गंजलं की ब्रेकच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या तारेतून) आलेल्या करंटला बॉडीत उतरायला वाट मिळत नाही. तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्यांकडून वाट शोधतो. म्हणून तुमचा ब्रेक दाबला की दिवा वाढायच्या ऐवजी मंद होतो. पेट्रोलच्या काट्याचं तसंच. डॅशबोर्डमागचं सामाईक अर्थिंग किंवा सामाईक फ्यूजची पकड सैल असेल, तर इंडिकेटरच्या प्रत्येक लपकीबरोबर काट्याला मिळणारं व्होल्टेज वरखाली होतं. यासाठी नवी वायर लागणार नाही. अर्थचा नट उघडा, पत्रा रंगाखालचं लोखंड चमकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, थिंबल घासा, दातेरी वॉशर घालून आवळा. वरून पेट्रोलियम जेली चोपडा. हा क्रम पाळा. आधी जेली लावून मग आवळणारे पुष्कळ आहेत. माझ्या हाताखालच्या मुलांना मी तसं करू देत नाही, धातूला धातू आधी लागला पाहिजे.

इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टी विशेष बघा. काही वर्षांपूर्वी एक गाडी आली, तक्रार अशी की सेल्फ मारला की चोकची केबल तापते आणि तिच्यातून धूर येतो. त्या गृहस्थांनी तीन केबल बदलल्या होत्या. इंजिनची अर्थपट्टी बोल्टच्या खाली पूर्ण कुजलेली होती आणि सेल्फचा शंभरावर अँपिअर करंट चोकच्या बारीक केबलमधून बॉडीत उतरत होता. कार्ब्युरेटरच्या शेजारी लालबुंद केबल म्हणजे काय, ते सांगायला नको. ही पट्टी तपासायला कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटरचं एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी उघडा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि लावताना शेवटी लावा. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही. तुमच्या पद्मिनीत निगेटिव्हच बॉडीला आहे. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला सापडतो, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात घालण्याआधी ते पाहून घ्या. प्रत्येक जोडाचे मोबाइलवर फोटो काढा आणि वायर सुटण्याआधी तिच्यावर कागदी चिकटपट्टीचं नाव लावा. वडिलांनी किंवा त्यांच्या मेस्त्रीनं मधे काही बदल केले असतील तर रंगांवर भरवसा ठेवता येत नाही.

फ्यूजबॉक्समध्ये फ्यूजपेक्षा त्याला धरणाऱ्या पितळी पकडी महत्त्वाच्या. त्या तापून तापून नरम पडतात. फ्यूज बोटानं फिरवून पाहा, सहज फिरला तर पकड गेली. बारीक पेपरनं घासून पक्कडीनं किंचित आत वाकवा, तरी धरत नसेल तर बॉक्स बदला. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली तर त्या सर्किटची वायर पूर्ण उघडून पाहा, ती कधी ना कधी तापलेली असते. हॉर्नसाठी स्टीअरिंगखालची संपर्क-पट्टी आणि हॉर्नची टोकं एकदा साफ करा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

आता वायर कापण्याचा भाग, आणि इथेच घाई होते. नापास झालेल्या वायरचं आवरण टोकापासून दोन-दोन इंच सोलत जा. तांबं घासलेल्या बंबासारखं तांबूस दिसेपर्यंत थांबू नका. वीतभर आत स्वच्छ तांबं लागलं आणि वायरला लांबी आहे, तर तिथे नवं टोक करा. हातभर जाऊनही काळंच असेल तर ती वायर संपली, दुसऱ्या टोकापर्यंत नवी ओढा. हातालाही ओळख पटते: चांगली वायर सुतळीसारखी लवचीक वळते, कुजलेली वाळल्या काडीसारखी ताठ लागते आणि वाकवली की आत कचकचते. आवरणात सुई टोचून करंट बघायची सवय मात्र कुणालाही लागू देऊ नका. ते भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं दार.

जोड शक्यतो नसावाच. टाळता येत नसेल तर दाबून करायचा की सोल्डर, यावर आमच्या धंद्यात कायम वाद चालतो. माझं मत पक्कं आहे: योग्य मापाच्या थिंबलवर योग्य क्रिंपिंग पक्कडीनं दाबलेला जोड चांगला. सोल्डर केलेला भाग ताठ होतो, आणि जिथे ताठ भाग संपून लवचीक तार सुरू होते तिथे गाडीच्या थरथरीनं ती तुटते. सोल्डर केलंच तर वायरला दोन्ही बाजूंनी आधार द्या आणि फ्लक्स फक्त राळेचा वापरा. कल्हईवाल्यांचा नवसागर पातेल्यावर उत्तम काम करतो, कारण ते भांडं नंतर धुतलं जातं. वायरच्या आत गेलेला नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स धुता येत नाही, तो वर्षभरात जोड हिरवा करतो. दाबलेला जोड दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. सुटला तर तो इथेच सुटलेला बरा. वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी घाला. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की पाणी जायची वाट बंद झाली. साधी काळी चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत पाघळते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते, जोडावर ती नको. एकाच जागी चार वायरींचे जोड करू नका, पुढेमागे ठेवा. नाहीतर तिथे गाठ होते आणि एकमेकांना घासून आवरणं जातात.

वायर कुठली घ्यायची? गाडीसाठी असलेली मऊ ऑटो वायरच घ्या. घरातल्या फिटिंगची वायर मी कितीतरी गाड्यांतून उपटून काढली आहे. तिचं आवरण तेल, पेट्रोल आणि इंजिनची धग सोसायला बनवलेलं नसतं. आणखी एक फसवणूक बाजारात आहे: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. टोक कापून ब्लेडनं खरवडा. बाहेरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर परत द्या. कल्हई केलेली तांब्याची तार उलटी असते, बाहेरून पांढरी आणि आतून तांबूस. ती मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन घ्या, ओलीत ती जास्त टिकते. हेडलाइटच्या मुख्य वायरला २.५ स्क्वेअर एमएम, प्रत्येक बल्बच्या फाट्याला १.५, मागचे दिवे आणि इंडिकेटरला १, हॉर्नला २.५, चार्जिंगच्या वायरला ६ आणि सेल्फच्या केबलला किमान २५, ही मापं मी वापरतो. रंग मूळचेच ठेवा. दहा वर्षांनी दुसरा कुणी ही गाडी उघडेल तेव्हा त्याला वाट सापडली पाहिजे.

तुमच्या हेडलाइटसाठी एक बदल मी आग्रहानं सांगतो. मूळ रचनेत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या जुन्या स्विचमधून जातो. लो आणि हाय बीमसाठी एकेक रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बॉनेटखाली बसवा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ मधून दिव्याकडे, ८५ला अर्थ आणि ८६ला जुनी हेडलाइटची वायर. आता जुन्या स्विचमधून ९ अँपिअरऐवजी अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी जातो. जुनं वायरिंग जागच्या जागी राहतं, फक्त त्याच्यावरचा भार उतरतो. रिलेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणीच राखत नाही. वायरी गोंद नसलेल्या हार्नेस टेपनं (हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा) गुंडाळा. पत्र्यातून जिथे आत जातात तिथली रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रबरी चकती) नवी घाला. जुनी बहुधा चुरा झालेली असते आणि उघडी पत्र्याची कड वायर कापत असते. काम चालू असताना पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. सहा वर्षं उभ्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइपही तडकलेले असतात. ते वायरिंगच्या आधी बदला, ठिणगीची शक्यता असलेल्या कामाआधी पेट्रोलचा वास पूर्ण बंद झाला पाहिजे.

सगळं वायरिंग बदला असं मीही सांगतो, पण काही ठिकाणीच. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, त्या दिवशी एक अ‍ॅम्बेसेडर रात्रभर पाण्यात होती. मी ती उघडून वाळवली, कनेक्टर साफ केले, सगळं चालू करून दिलं. आठ महिन्यांनी एकामागून एक सर्किट बंद पडायला लागलं. पुराचं गढूळ पाणी प्रत्येक वायरच्या पोटात वातीसारखं चढलं होतं आणि वायर जिथे उघडावी तिथे काळी निघत होती. त्या मालकांना मी पहिल्याच दिवशी पूर्ण हार्नेस सांगायला हवा होता. ते मला अजूनही लागतं. तेव्हापासून पाण्यात बुडालेली, आग लागलेली किंवा वायरींचं आवरण बोटानं चोळलं की चुरा होतं अशी गाडी आली, तर मी दुरुस्तीचा विषयच काढत नाही. तयार हार्नेस घेतला तरी त्याची मापं आणि तांबं वर सांगितलं तसं तपासा. स्विच आणि फ्यूजबॉक्ससाठी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात एक फेरी मारा. पद्मिनीचा कारखानाही कुर्ल्यातच होता, तिथे तिचे भाग ओळखणारे लोक अजून आहेत.

तुमची गाडी पडवीत होती, पुरात नव्हती. सांगितलेल्या खुणांवरून माझा अंदाज असा: अर्थिंगचे सगळे बिंदू, फ्यूजबॉक्स, बॅटरीकडून निघणाऱ्या दोन-तीन मुख्य वायरी, पुढच्या दिव्यांच्या वायरी आणि हेडलाइटचे रिले, एवढ्यात गाडी सरळ होईल. डॅशबोर्डमागचं आणि छपराजवळचं वायरिंग कोरड्या जागेत असतं, ते बहुधा मूळचं ठणठणीत निघेल. उंदरांनी कुरतडलंय का तेवढं मागच्या सीटखाली बघून घ्या. हिवाळ्यात उभ्या गाडीत उबेला येऊन त्यांनी घर केलेलं मी दरवर्षी पाहतो.

काम संपल्यावर अंधार पडू द्या. इंजिन सुरू करून किंचित रेस द्या, हेडलाइट, वायपर, इंडिकेटर सगळं लावा आणि बॅटरीवर व्होल्टेज पाहा. चार्जिंगला अल्टरनेटर असेल तर १३.८ ते १४.४च्या मधे हवं. डायनॅमो असेल तर इंजिन मंद असताना तो जवळजवळ चार्ज करत नाही, त्यामुळे आकडा रेसवरच वाचा आणि जास्त वॅटचे बल्ब टाकू नका. वीस मिनिटांनी प्रत्येक कनेक्टर, फ्यूज आणि अर्थच्या नटाला हात लावा. जो गरम लागेल तिथे काम बाकी आहे. मग बल्बपाशी पुन्हा व्होल्टेज मोजून सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहा आणि तो डॅशबोर्डच्या खणात ठेवा. मृग लागायच्या आधी दरवर्षी त्याच जागी मोजा आणि कागदाशी ताडून बघा. ०.१चा आकडा ०.३ झाला की तो जोड उघडायची वेळ आली. दसऱ्याला झेंडूचा हार घालण्याआधी गाडी धुवाल, तेव्हा बॉनेटखाली पाण्याचा फवारा मारू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.